पत्त्यावरचं नाव

सोमवार, ७ नोव्हेंबर १९३२

आज शाळेत पोस्ट आलं. पालीहून माणूस येऊन सामान मोजून देऊन गेला. कुलपाची लाकडी पेटी, तारखेचा शिक्का, शाईची गादी, पितळी तराजू आणि भिंतीला टांगायचा तांबडा डबा. आजवर गावाचं टपाल पालीलाच पडून राही. बाजाराला गेलेला कोणीतरी सगळ्या वाडीचं घेऊन येई आणि कधीकधी कोटाच्या खिशातच विसरे. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार थैली इथे येणार आणि माझ्या हातून वाटली जाणार. या गावात मास्तरकी करून सात वर्षं झाली, पण आज कौलं शाकारणाऱ्या गड्यानेसुद्धा ‘पोस्टमास्तर’ म्हणून रामराम केला, तेव्हा छाती थोडी पुढे आली हे कबूल करतो.

प्रतिज्ञापत्रावर सही केली. कोणाचं टपाल फोडणार नाही, अडवून ठेवणार नाही, त्यातला मजकूर कोणाला सांगणार नाही. रघुनाथ अनंत पोंक्षे, अशी पूर्ण सही, वळणदार.

ही वहीसुद्धा आजच सुरू केली. ती पोस्टाच्या पेटीत ठेवणार आहे, पेटीला कुलूप आहे. मनातलं लिहायचं तर ते दुसऱ्याच्या हाती पडणार नाही एवढी खात्री माणसाला हवी.

सौ.ने पेटीला हळदकुंकू वाहिलं. म्हणाली, “म्हणजे आता सगळ्या गावाची पत्रं तुमच्या हातात.”

मी म्हटलं, “हातात. डोळ्यांत नाही. कायदा आहे.”

“आणि माझी?”

“तुझी काय, घरातलीच.”

ती हसली असावी. वाकून समई लावत होती, तोंड दिसलं नाही. पहिल्याच थैलीत तिच्या माहेरचं, आंजर्ल्याचं पत्र होतं. ते घरी येता येता वाचलं आणि तिला सांगितलं की सगळं क्षेम आहे, कपिला गाय व्याली, आप्पांचा खोकला कमी आहे. नंतर पत्र तिच्या हाती दिलं.

शनिवार, १२ नोव्हेंबर

पत्रं नुसती वाटून भागत नाही, वाचूनही दाखवावी लागतात. गावातले निम्मे पुरुष मुंबईला, आणि राहिलेल्यांत अक्षरओळख असलेले बोटांवर मोजण्याइतके. काल शाळा सुटल्यावर ओटीवर पंधरा-वीस माणसं बसली होती. कोणाचंही पत्र असो, सगळे ऐकतात. कोणाच्या पोराला गोवर आला, कोणाचं गिरणीत भांडण झालं, सगळं चव्हाट्यावर. कोणी संकोचत नाही. मला आधी विचित्र वाटलं. मग वाटलं, खेड्यात माणसं अशीच एकमेकांच्या आधाराने राहतात.

मी प्रतिज्ञा मोडत नाही ना, याचा विचार केला. नाही. पत्र मालकाच्या हाती दिलं की पोस्टाचं काम संपलं. नंतर वाचतो तो मास्तर म्हणून.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

आज एका बाईच्या नावाचं पाकीट आलं. घरचं सोडलं तर पोस्ट आल्यापासून पहिलंच. ‘सौ. सखूबाई बाबू धनावडे’. मोठं, ठसठशीत, शिकाऊ अक्षर. बाबू भागोजीचा धाकटा मुलगा, मुंबईला गिरणीत आहे. तिथल्या संध्याकाळच्या वर्गात तो लिहायला शिकल्याचं ऐकलं होतं. आजवर त्याची पत्रं बापाच्या नावे दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली असत.

भागोजी टपाल न्यायला आला होताच. साठीचा माणूस, बायको गेलेली, घरात तो आणि सून सखू. दोघंच शेती रेटतात. पाकीट त्याला दिलं. तो म्हणाला, “वाचा.”

मी म्हटलं, “हे सखूच्या नावाचं आहे.”

“मग? ती माज्याच घरात हाय ना?”

ओटीवर तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. मी फोडलं आणि वाचलं. बाबूने लिहिलं होतं की खोली मिळाली आहे, लहान आहे पण खिडकी आहे. सणाला रजा मिळत नाही. दोन वर्षांत आपण तेरा दिवस एकत्र होतो, मी मोजले. माघात वाडीतला महिपत येणार आहे, त्याच्या सोबतीने तू ये. आणि शेवटी, ‘हे पत्र मी स्वतः लिहिलं आहे, चुकलं असेल तर हसू नकोस.’

भागोजीने पाकीट माझ्या हातून परत घेतलं. मग म्हणाला, “ह्या तिला सांगायचा नाय, मास्तर. काय सांगायचा ता मी सांगीन.”

मी मान हलवली. पाकीट घडी करून त्याने मुंडाशात खोचलं.

मान का हलवली? त्याच्या घरातली गोष्ट, मी मध्ये बोलणारा कोण, असं त्या वेळी वाटलं. आता लिहिताना ‘हसू नकोस’ हे दोन शब्द पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येत आहेत. ते माझ्यासाठी लिहिलेले नव्हते.

शनिवार, १९ नोव्हेंबर

कालचं मनात खुपत होतं म्हणून सौ.ला सांगितलं. पत्रातलं सगळंच सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे काही बाहेर सांगणं नव्हे. ती वाल सोलत होती.

“पाकिटावर नाव कोणाचं होतं?” तिने विचारलं.

“सखूचं.”

“आणि तिला सोडून तिघांना ठाऊक आहे.”

“तिसरं कोण?”

“मी,” ती म्हणाली, आणि वाल सोलत राहिली.

सोमवार, २८ नोव्हेंबर

सखू लाकडाचा भारा घेऊन घरी आली होती. हल्ली ती दिवसाआड येते. भारा टाकून मागल्या पडवीत सौ.शी बोलत बसते. सौ.ला तेवढीच सोबत, मूलबाळ नाही, दिवस जायचा कसा. बायकांच्या बोलण्याला विषय लागत नाही.

निघताना ती माझ्यापाशी थांबली. “मास्तर, माज्या नावाचा कागद आला नाय काय?”

मी म्हटलं, “आला की घरी पोचतोच.”

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. मला वाटलं होतं ती हिरमुसेल, पण तिच्या तोंडावर मला न कळणारं काहीतरी होतं. जणू मीच परीक्षेला बसलो आहे आणि ती माझी वही तपासते आहे.

शाळेच्या कपाटातून बालबोध अक्षरांचं एक पहिलं पुस्तक आणि दोन पेन्सिली नाहीशा झाल्या आहेत. पोरांना दम दिला. कोणी कबूल होत नाही.

शुक्रवार, ९ डिसेंबर

बाबूचं दुसरं पाकीट. तेही सखूच्याच नावाचं. या वेळी भागोजीने वाचायलाच सांगितलं नाही. न फोडताच मुंडाशात खोचलं आणि उठला. मी म्हटलं, “भागोजी, सुनेला देशील ना?” तो म्हणाला, “मास्तर, माजा थोरला धोंडू. मुंबईस गेला, मग बायकोला नेलान, पोरांस नेलान. सा वर्सा झाली. जिता हाय काय मेला, ताबी ठाव नाय. बाईमानूस गावात हाय तवर पोराचा पाय गावात येतो.”

एवढं बोलून तो गेला. सात वर्षांत तो माझ्याशी इतकं कधी बोलला नव्हता.

नियमांचं पुस्तक काढून पाहिलं. पत्त्यावरच्या घरी दिलं म्हणजे मालकाला पोचलं, असं धरतात. तेव्हा माझी चूक नाही. तरीही पुस्तक मिटून बरं वाटलं नाही.

बुधवार, १४ डिसेंबर

आंजर्ल्याचं पत्र. सौ.च्या भावाने तिच्या नावे लिहिलं आहे. आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, छातीत कफ होऊन आठ दिवस ताप आहे, ते तिची आठवण काढतात, जमल्यास यावं.

परवा दिवशी शाळातपासनीस येणार, शनिवारी परीक्षा, आणि दोन दिवस ते आमच्याकडेच जेवणार. आता सांगितलं तर ती लगेच निघेल, किंवा रडत स्वयंपाक करेल. दोन्ही वाईट. त्यात म्हाताऱ्या माणसाचा कफ, थंडीत होतोच. रविवारी सांगेन. पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आहे. तिच्या भल्यासाठीच.

रविवार, १८ डिसेंबर

परीक्षा उत्तम झाली. तपासनिसांनी शेऱ्यात ‘समाधानकारक’ लिहिलं आणि सौ.च्या हातच्या सांदणांची तोंड भरून स्तुती केली. ते गेल्यावर मी पत्र काढून दिलं.

तिने वाचलं. मग पाकीट उलटं केलं. मागे तारखेचा शिक्का.

“हा शिक्का तुम्हीच मारलात ना?”

“हो.”

“चौदा.”

मी परीक्षेचं, पाहुण्यांचं, तिच्या त्रासाचं सांगू लागलो. तिने ऐकून घेतलं. रागावली असती तर मला उत्तरं तयार होती. ती उठली आणि लुगडी बांधू लागली.

दुपारच्या मोटारीने तिला रत्नागिरीला नेलं. उद्याची आगबोट आहे. हर्णैपर्यंत सोबतीला मुरुडच्या आनंदीबाई म्हणून एक वयस्क बाई भेटल्या. त्यांच्या बिऱ्हाडीच दोघी आज उतरल्या आहेत. मला शाळेसाठी परतावं लागलं. निघताना सौ. म्हणाली, “सखू आली तर कोनाड्यातलं फडक्यात बांधलेलं तेवढं तिला द्या. सोडून पाहू नका.”

मी विचारलं, “आप्पांना काही होणार नाही ना?” तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ते मी तुम्हाला चार दिवसांपूर्वी विचारायला हवं होतं.”

गुरुवार, २२ डिसेंबर

सखू आली, तिला बांधलेलं गाठोडं दिलं. चपटं, कडक, चौकोनी काही होतं, पाटासारखं हाताला लागलं. पापडाचे पोळपाट बायका एकमेकींकडून नेतातच. सोडून पाहिलं नाही, सांगितलं होतं म्हणून.

आज पोस्टाचे इन्स्पेक्टर तपासणीला आले होते. शांत, पिकल्या मिशांचे गृहस्थ. तपासणी झाल्यावर चहा घेताना मी विचारलं, “साहेब, पत्र फोडायचा अधिकार कोणाला?”

“तुम्हाला-मला? नाही.”

“पत्ताच लागला नाही तर?”

“तरी नाही. ते वरच्या कचेरीत जातं. तिथे नेमलेला माणूस फोडतो, आणि तोही पाठवणाऱ्याचं नावगाव सापडेपर्यंतच वाचतो. सापडलं की थांबायचं. मी त्या टेबलावर दोन वर्षं होतो, पोंक्षे. माणूस पहिल्या ओळीला ‘प्राणप्रिय’ लिहितो आणि नाव शेवटी. मधलं सगळं डोळ्यांखालून न्यायचं आणि वाचायचं नाही. संध्याकाळी डोळे दुखायचे.”

मी विचारलं, “आणि बायकोचं पत्र नवऱ्याने, सुनेचं सासऱ्याने?”

ते म्हणाले, “घरात काय चालतं ते पोस्टाला दिसत नाही. पण पत्त्यावरचं नाव म्हणजे नाव. ज्याच्या नावाचं, त्याने लेखी कळवलं की माझं टपाल दुसऱ्याच्या हाती देऊ नका, मी स्वतः नेईन, तर दुसऱ्याला द्यायचं नाही. मग तो बाप असो, सासरा असो.”

“अंगठा चालेल?”

“अंगठ्याला दोन साक्षीदार लागतील. सही असली तर प्रश्नच नाही.”

भागोजीविरुद्ध साक्षीला या गावात दोन माणसं उभी राहणार नाहीत. आणि सखूला सही कुठली.

बुधवार, २८ डिसेंबर

दहा दिवस आंजर्ल्याहून काही नाही. थैली उघडून आधी आंजर्ल्याचा शिक्का शोधला. आज पाकीट आलं, माझ्या नावाचं, सौ.च्या अक्षरात. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि तिचं मला हे पहिलं पत्र. ती माहेरी गेली तरी तिचा भाऊच कार्ड टाकत असे.

आप्पा बरे आहेत, हे तिने पहिल्या ओळीत लिहिलं आहे. मला वाट पाहायला लावलं नाही. ती मंगळवारी पोचली त्या दिवशी ताप उतरत होता. आता भिंतीला टेकून बसतात, पेज घेतात, परवा ती कड्यावरच्या गणपतीला नारळ वाढवून आली. पुढे लिहिलं आहे ते इथे उतरवतो:

‘आप्पा बरे झाले म्हणून हे शांतपणे लिहिते. बरे झाले नसते तर काय लिहिलं असतं ते देवाला ठाऊक. त्या चार दिवसांत ते दारात पावलं वाजली की “दमू आली का” विचारत होते. तुम्ही वाईट हेतूने केलं नाहीत, हे मला कळतं. पण नऊ वर्षं माझं प्रत्येक पत्र तुम्ही फोडून, वाचून, अर्धं सांगून मग देता. आईने मला लिहिलेलं माझ्याआधी तुम्हाला ठाऊक असतं. ताटात वाढलेलं कोणीतरी चाखून ठेवावं तसं ते मला उष्टं वाटतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मी कधी सांगितलं नाही.’

उष्टं. आमच्या घरात उष्ट्याला किती जपतात. मी वाचलं आणि पहिल्यांदा राग आला. मी गावाला फुकट पत्रं वाचून दाखवतो, प्रतिज्ञा पाळतो, तो मी. मग प्रतिज्ञेचा कागद काढून पाहिला. ‘कोणाचंही’ असा शब्द आहे. ‘घरातलीच’ असा अपवाद कुठे दिसला नाही.

उत्तर लिहायला तीन वेळा बसलो. शेवटी एवढंच लिहिलं, ‘चुकलो. यापुढे फोडणार नाही. आप्पांना साष्टांग नमस्कार. पूर्ण बरे होईपर्यंत राहा.’

बुधवार, ४ जानेवारी १९३३

आजचं सगळं नीट लिहून ठेवलं पाहिजे.

थैलीत बाबूचं तिसरं पाकीट होतं. ओटीवर बरीच मंडळी जमलेली, भागोजी खांबाला टेकून पुढेच. मी नावं पुकारू लागलो. ‘सखूबाई बाबू धनावडे’ म्हटल्यावर भागोजीने हात पुढे केला. तेवढ्यात मागून आवाज आला, “मास्तर, थांबा.”

सखू होती. डोक्यावर पदर, हातात घडी केलेला कागद. ओटीवर पुरुषांत बायका येत नाहीत. ती पायरीपाशी उभी राहिली आणि कागद माझ्यासमोर ठेवला. पेन्सिलीने, दाबून दाबून लिहिलेलं होतं:

‘पोस्टमास्तर यासी. माझ्या नावाची पत्रे दुसर्‍या कोणाचे हाती देउ नये. मी स्वता येउन घेइन. सखुबाई बाबु धनावडे. हे मी लिहिले.’

“हे कोणी लिहून दिलं?” मी विचारलं. मला नियमाप्रमाणे विचारणं भाग होतं.

“तितंच लिवलाय, मी लिवला म्हनून.”

मी टाक पुढे केला. “माझ्यासमोर सही कर.”

ती खाली बसली. ओटीवरचे सगळे पुढे सरकले. ‘स’ची शेपटी लांब गेली, ‘खु’ला ती थांबली, ओठ हलले, मग नाव पुरं केलं. मी पुन्हा तिच्या कागदावरच्या ‘ल’चं आणि ‘ण’चं वळण पाहिलं आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. ‘ल’ला अशी गाठ आमच्या घरात एकच माणूस देतं. पहिलं पुस्तक, पेन्सिली, लाकडाचे भारे, ते चौकोनी गाठोडं, म्हणजे पाटीच. सगळा गाव वाचायला शिकवणारा मी, आणि माझ्या मागल्या पडवीत महिनाभर शाळा चालली होती.

भागोजी म्हणाला, “मास्तर, माज्या घरात तुमी दुफळी घालताव.”

मी म्हटलं, “भागोजी, मी काही घालत नाही. नाव तिचं आहे.” आणि पाकीट तिच्या हाती दिलं.

मला वाटलं ती घेऊन घरी जाईल. ती तिथेच पायरीच्या कडेला बसली. नखाने चिकटवलेली कड हळूहळू सोडवली, कागद जरासुद्धा फाटू दिला नाही. आणि वाचू लागली. एकेका अक्षरावर बोट. पाव तास गेला असेल. कोणी उठलं नाही. एकदा ती मागच्या ओळीवर गेली, पुन्हा वाचलं, आणि हसली.

“काय लिवलाय गो?” एकाने विचारलं.

“माजा हाय,” ती म्हणाली. पत्र कमरेला खोचलं आणि गेली.

तिच्यामागे पायऱ्या उतरून मी तिला गाठलं. म्हटलं, “सखू, तुझं पहिलं पत्र मी फोडून वाचलं होतं. तुला विचारल्यावर खोटं बोललो. माफ कर.”

ती म्हणाली, “मला ठाव हाय. काकूंनी दुसऱ्याच दिवशी सांगितला. म्हनून तर शिकाया लागले.” मग म्हणाली, “त्यात ‘हसू नको’ लिवलान ना? तेवडा मला स्वता वाचायचा हाय. मामंजींकडं हाय ता पत्र.”

शुक्रवार, ६ जानेवारी

भागोजी आला. मला वाटलं भांडायला आला. तो ओटीच्या कडेवर बसला आणि मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. त्यात दोन्ही पाकिटं होती, एक फोडलेलं, एक तसंच.

“दोन दिस ती एक शबूद बोलली नाय,” तो म्हणाला. “रागानं नाय. कामाला कमी नाय, भाकरी टायमावर. पन बोलत नाय. काल इचारला, जानार काय? म्हनाली, जानार. मग म्हनाली, मामंजी, मी तुमाला कागद घालीन. माज्या हातचा.”

तो माझ्याकडे पाहू लागला. “घालील काय वो, मास्तर?”

मी म्हटलं, “ती घालेल.”

“धोंडूबी म्हनला व्हता.”

“धोंडूला लिहिता येत नव्हतं, भागोजी. दुसऱ्याला विनवावं लागे. विनवायचा कंटाळा येतो, मग लाज वाटते, मग वर्षं जातात. हिला कोणाला विनवायला नको.”

हे मी त्याला धीर द्यायला बोललो. बोलून झाल्यावर ते मलाच खरं वाटलं. त्याने दोन्ही पाकिटं माझ्यापुढे ठेवली. उठताना म्हणाला, “ही तिला तुमीच द्या.” चार पावलं गेला आणि परत आला. “नको. मीच देतो.”

रविवार, १५ जानेवारी

सौ. आली. तिळगूळ, कोकमं आणि आप्पांनी माझ्यासाठी दिलेली काठी. आप्पा आता अंगणात फिरतात. मला रत्नागिरीला धक्क्यावर उभा पाहून ती म्हणाली, “शाळा?” मी म्हटलं, “रविवार आहे.” मोटारीत फारसं बोलणं झालं नाही, पण तिने डबा उघडून मला आधी लाडू दिला.

घरी आल्यावर मी विचारलं, “सखूला पत्रातलं सांगितलंस. मी तुला विश्वासाने सांगितलं होतं.”

“तिचंच तिला सांगितलं. त्यात चोरी कसली?”

“आणि माझं पहिलं पुस्तक?”

“ती चोरी,” ती म्हणाली. “परत आणून देईल. आता तिला दुसरं लागतं.”

ती नसताना तिच्या नावाचं एक पत्र आलं होतं, दापोलीच्या मावशीचं. ते मी देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं. सहा दिवस मी त्याच्याकडे पाहत होतो. एकदा उजेडाला धरलंही, खोटं कशाला लिहू. पण फोडलं नाही. तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं, चिकटवलेली कड चाचपली. आत जाऊन मला चहा करून आणला, आणि मग सगळ्यात शेवटी, खिडकीपाशी बसून, सावकाश ते उघडलं.

सोमवार, ६ फेब्रुवारी

सखू गेली. महिपत आणि त्याची बायको सोबत आहेत. भागोजीची विधवा बहीण गोदूबाई त्याच्याकडे राहायला आली आहे. पेरणीला बाबू पंधरा दिवस येईल असं त्याने बापाला वेगळं कळवलं आहे, बापाच्या नावाने.

भागोजी पालीपर्यंत पोचवायला गेला होता. मोटार सुटताना तो सुनेला म्हणाला, “माज्या नावाचा घाल. मास्तरांच्या नाय, वाडीच्या नाय. माज्या.” मी तिथे थैली द्यायला गेलो होतो म्हणून कानी पडलं.

सौ.ने तिला बारा कोरी पाकिटं दिली. चार दिवस झाले, सौ. आता गंगा नावाच्या दुसऱ्या एकीला घेऊन बसते. मला म्हणाली, “पाट्या अजून दोन लागतील. या वेळी विचारून घेते.” मी तपासनिसांना लिहिणार आहे की मोठ्या बायकांसाठी वर्ग काढायला परवानगी मिळेल का. शिकवणार कोण, या रकान्यात काय भरायचं ते तिला विचारलं. तिने स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण.

बुधवार, २२ फेब्रुवारी

आज थैलीत मुंबईची दोन पाकिटं, दोन्हींवर एकच अक्षर, ‘स’ची शेपटी लांब.

पहिलं ‘भागोजी राघो धनावडे’ यांचं. नाव पुकारलं तेव्हा त्याला खरं वाटेना, दोनदा विचारलं. ओटीवर सगळे ऐकायला सरसावले. त्याने पाकीट घेतलं, सगळ्यांकडे पाहिलं, आणि सरळ शाळेच्या खोलीत शिरला. मी मागोमाग गेलो.

“दार लोटा, मास्तर,” तो म्हणाला. “आनि हळू वाचा.”

मी दार लोटलं आणि हळू वाचलं. काय होतं ते लिहीत नाही. वाचून झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, “धोंडूबी जिता हाय म्हनायचा.” एवढं त्याने नंतर बाहेर ओटीवरही सांगितलं, म्हणून लिहायला हरकत नाही.

दुसरं पाकीट ‘सौ. दमयंतीबाई पोंक्षे’ यांचं. मागे शिक्का मारला आणि घरी नेऊन दिलं. ती पडवीत गंगाची पाटी तपासत होती. तिने पाटी खाली ठेवली, हात पुसले, पाकीट उघडलं. चांगली चार पानं होती. वाचता वाचता ती एकदा मोठ्याने हसली, एकदा गप्प झाली, आणि शेवटी पदर तोंडाला लावून पुन्हा हसली.

मी खांबापाशी उभा होतो. पायातल्या वहाणा काढायच्या राहिल्या होत्या.

तिने कागदाची घडी घातली आणि वर पाहिलं. “तुम्हाला नमस्कार सांगितलाय.”

“आणि?”

“आणि माझं आहे,” ती म्हणाली, आणि थोडं सरकून मला शेजारी बसायला जागा केली.